पोकळ वेल

“कोणाला विचारून काढलीत?”

वेन गुरुजी खलात काहीतरी कुटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मी विचारतोय, गुरुजी. माझ्या आजोबांच्या काढ्यातून पोकळ वेल कोणाला विचारून काढलीत?”

दारात शुआन उभा होता. अंगात रेशमी अंगरखा, आणि त्यावर गुडघ्यापर्यंत चिखल. शहरापासून या गावापर्यंत अर्धी वाट नदीची, अर्धी डोंगराची. ती तुडवून तो आला होता आणि अजून त्यानं जोडेही काढले नव्हते.

“बस,” गुरुजी म्हणाले. “चहा घे.”

“चहा प्यायला आलो नाही मी.”

“दिसतंय.”

चीनच्या दक्षिणेला शुआनचं घराणं कोणाला ठाऊक नव्हतं? पाच पिढ्यांचे वैद्य. नदीच्या काठाकाठानं, जिथे जिथे होड्या लागत तिथे त्यांच्या औषधांचं दुकान होतं. त्यांचा नऊ द्रव्यांचा काढा घरोघर उकळे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून, अडलेली लघवी मोकळी व्हावी म्हणून, म्हाताऱ्यांचे सांधे सुटावेत म्हणून. प्रत्येक दुकानावर एकच पाटी होती : ‘पाच पिढ्या. एकही द्रव्य बदललेलं नाही.’

वेन गुरुजी याच घराण्यात, शुआनच्या आजोबांपाशी शिकले. पुढे त्यांनीच लहानग्या शुआनला शिकवलं. नाडी धरायला, मुळ्या ओळखायला, घराण्याची औषधांची पदं ठेक्यात म्हणायला. आजोबा गेले, शुआन गादीवर बसला, आणि गुरुजी या डोंगराखालच्या गावात येऊन राहिले. भांडण नव्हतं. पण फारसं जाणं-येणंही उरलं नव्हतं.

“शहरात काय चाललंय ठाऊक आहे तुम्हाला?” शुआनचा आवाज चढला. “परदेशात शिकून आलेले डॉक्टर आम्हाला भोंदू म्हणतात. वर्तमानपत्रात छापतात, की हे वैद्यक नव्हेच, या म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी आहेत. त्यांच्यापुढे आम्ही कशाच्या जोरावर उभे आहोत? एवढ्याच ना, की जे पणजोबांच्या भांड्यात उकळलं तेच आज माझ्या भांड्यात उकळतं! आणि तुम्ही? आमच्याच घरात शिकलेले तुम्ही नवाची आठ द्रव्यं करता? परवा एक रोगी चारचौघांत म्हणाला, ‘वेन वैद्य तर वेल घालतच नाहीत.’ मी काय तोंड दाखवायचं?”

गुरुजी कुटत राहिले.

“परंपरा अशी मोडता येत नाही, गुरुजी!”

बत्ता थांबला.

“परंपरा म्हणजे काय रे?”

“जे बदलत नाही ते.”

“मग एखाद्या धोंड्याकडे जायचं होतंस. माझ्याकडे कशाला आलास?”

…

शुआनच्या कानशिलावरची शीर उडत होती.

“चेष्टा पुरे. वेल का काढलीत ते सांगा.”

“मी नाही काढली.”

“म्हणजे?”

“ती आधीच निघून गेली होती.”

“कोड्यात बोलू नका! मी आता लहान नाही.”

गुरुजींनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. काही बोलणार, तोच अंगणात कोणीतरी धापा टाकत आलं.

बाओ होता, होडीवाला. पाठीवर त्यानं बायकोला घेतलं होतं. पोटाशी फडक्यात तान्ही पोर बांधलेली. दंडाला दोरीनं एक मातीचं भांडं लटकत होतं, त्याच्या तोंडाला कापड गुंडाळलेलं.

“बाबा, हिला बघा… आधी हिला बघा.”

बायकोचं नाव लान. वय विशीचं. तिला बांबूच्या बाजेवर निजवलं तेव्हा तिचे डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळेना, इतक्या पापण्या सुजल्या होत्या. ओठ मात्र कागदासारखे पांढरे.

गुरुजींच्या आधी शुआन पुढे झाला. तिची नाडी त्यानंच धरली.

“काय झालं हिला?”

“बाळंतपण नीट झालं, साहेब. पण दूध उतरेना. म्हणून होड्यांच्या घाटावरच्या दुकानातून काढा आणला.”

“कोणत्या दुकानातून?”

“ते, पाटीवर पाच पिढ्या लिहिलंय ते.”

शुआनची मान किंचित ताठ झाली.

“योग्य जागी गेलास.”

“पुढे बोल,” गुरुजी बाओला म्हणाले.

“आधी थोडं दूध आलं. मग हिचं अंग सुजायला लागलं. लघवी कमी झाली. दुकानातले म्हणाले, पाणी अडलंय, काढा वाढवा. वाढवला. अजून सुजली. म्हणाले, आणखी वाढवा. तोही वाढवला. कालपासून थेंबसुद्धा होत नाही, बाबा. पोटात पाणी ठरत नाही. नुसती पडून असते.”

“वाढवला ते बरोबरच केलं,” शुआन म्हणाला. “पाणी अडल्यावर पोकळ वेलीशिवाय दुसरा उपाय नाही. भांड्यात आहे तो काढाच ना? आण इकडे.”

त्यानं वाडगा भरला. काळा, दाट काढा. लानच्या मानेखाली हात घालून त्यानं तिला उचललं आणि वाडगा ओठांना लावला. ती सवयीनं तोंड उघडू लागली.

वेन गुरुजींना घाईनं चालताना त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. ते बाजेपर्यंत कसे पोचले हे बाओला नंतरही सांगता आलं नाही. वाडगा भिंतीवर जाऊन फुटला. काढ्याचे ओघळ भिंतीवरून खाली आले. पोर दचकून रडू लागली.

“गुरुजी!”

“हात काढ तिच्या अंगावरून.”

“रोग्यासमोर तुम्ही माझा…”

“हात काढ!”

शुआननं हात काढला. असा आवाज त्यानं त्यांच्या तोंडून लहानपणीसुद्धा ऐकला नव्हता.

गुरुजी खाली बसले. लानच्या नडगीवर त्यांनी अंगठा ठेवला आणि हळूच दाबला. मग उचलला. अंगठ्याएवढा खड्डा पडला होता.

सगळे त्या खड्ड्याकडे बघत राहिले.

तो भरून आला नाही.

“भर,” गुरुजी म्हणाले.

“काय?”

“पाच पिढ्या आहेत ना तुझ्यापाशी? भर हा खड्डा.”

…

“नदीपलीकडे दवाखाना आहे,” थोड्या वेळानं गुरुजी म्हणाले. “तिथल्या डॉक्टरला घेऊन ये.”

“मी? त्या लोकांना बोलवायला मी जाऊ? ते हसतात आपल्यावर!”

“हसू दे. हसून ही बरी होत असेल तर मीसुद्धा हसेन. पळ.”

शुआन गेला. चरफडत गेला, पण गेला.

डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला. त्यानं लानला तपासलं, तिनं काय काय घेतलं ते बाओला पुन्हा पुन्हा विचारलं, फुटलेल्या वाडग्याचा तुकडा उचलून वास घेतला. तो हसला नाही. शुआन त्याच्या हसण्याची वाट बघत होता.

मग डॉक्टर गुरुजींना अंगणात घेऊन गेला.

“मूत्रपिंडं गेली आहेत तिची. माझ्याकडे यावर काही नाही.”

“माझ्याकडेही नाही.”

दोघं तसेच शेजारी शेजारी उभे राहिले. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाला, “मी उद्या येतो.” आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी आला. त्यानंतरही येत राहिला. करण्यासारखं काही नसताना येत राहिला.

शुआन अंगणातल्या दगडी पाळीवर बसला होता. त्याचा राग अजून ओसरला नव्हता. उलट आता त्याला भीतीची धार आली होती.

“एका बाईवरून औषध वाईट ठरत नाही,” तो म्हणाला. “तिच्या अंगातच काही दोष असेल.”

“कुंभाराची म्हातारी अशीच सुजून गेली. मग शाळामास्तरची बायको. मग घाटावरचा हमाल. सगळ्यांच्या अंगात दोष?”

“आजोबांनी हाच काढा हजारोंना दिला! कोणी सुजलं नाही.”

“नाही सुजलं.”

“मग?”

“पद म्हण.”

“काय?”

“पोकळ वेलीचं पद. म्हण.”

शुआननं ओठ आवळले. या वयात शाळकरी पोरासारखं पाठांतर म्हणून दाखवायचं! पण समोर गुरू होता. त्यानं म्हटलं :

“पोकळ वेल, आरपार वारा;
चवीनं कडू, मोकळ्या धारा.”

“पुन्हा.”

“पोकळ वेल, आरपार वारा, चवीनं कडू…”

“कडू?”

“कडू.”

“मी तुला काय शिकवलं होतं?”

शुआननं मनात ठेका धरला.

…

फिकी. ‘चवीनं फिकी, मोकळ्या धारा.’ तालावर टाळी वाजवत त्यानं ते शेकडो वेळा म्हटलं होतं. फिकी.

गुरुजी आत गेले आणि दोन वाळक्या काड्या घेऊन आले. दोन्ही बोटाएवढ्या जाड. दोन्ही त्यांनी शुआनच्या हातात दिल्या.

“फुंक.”

शुआननं एकीला तोंड लावून फुंकर मारली. दुसऱ्या टोकाला हवा लागली. दुसरीतूनही तशीच गेली. आरपार वारा.

“आता चाव.”

पहिली काडी त्यानं चावली. गवताच्या वाळक्या काडीसारखी. किंचित गोडसर, बाकी काही नाही… आणि एकदम त्याला आजोबांचा ओला अंगरखा आठवला, डोंगराचा चढ, झाडावर चढलेली वेल, आणि ‘चाव, चाव, भिऊ नकोस’ म्हणणारा आवाज. जिभेनं ते सगळं जपून ठेवलं होतं.

दुसरी चावली. कडूजहर. त्यानं थुंकली.

“पहिली तुझ्या आजोबांनी दिलेली आहे,” गुरुजी म्हणाले. “तेवढीच उरली आहे. दुसरी तुझ्या दुकानातून आणलेली. दक्षिणेच्या वाटेवर सैन्य बसलं, डोंगरातली वेल यायची बंद झाली. तेव्हा व्यापारी उत्तरेकडून ही घेऊन आले. हीही पोकळ, हिच्यातूनही वारा जातो, शिवाय हवी तेवढी मिळते. नाव तेच ठेवलं. तुझ्या भांड्यात नावच उकळतंय, शुआन. वेल कधीच गेली.”

शुआन दोन्ही काड्या उलटसुलट करून पाहू लागला.

“पद कधी बदललंस?”

“मी बदललं नाही…”

“कधी?”

तो खाली मान घालून सांगू लागला. गादीवर बसल्यावर पहिल्या वर्षी दुकानात नवा माल आला होता. त्यानं एक काडी चावून पाहिली, कडू लागली. त्याला वाटलं, पदातच कोणाच्या तरी नकलेत चूक झाली असेल. फिकी काय, कडू काय, ठेका तोच राहतो. त्यानं सगळ्या शिष्यांना कडू म्हणायला लावलं.

“सगळ्यांनी म्हटलं?”

“एक ऐकेना. गावाकडचा होता. फिकीच म्हणायचा. म्हणायचा, आमच्या डोंगरात फिकी असते.”

“मग?”

“छडीनं मारला त्याला मी. सगळ्यांसमोर.” शुआनचा आवाज बारीक झाला. “परंपरा बिघडवतो म्हणून.”

गुरुजी उठले आणि आत लानपाशी जाऊन बसले.

संध्याकाळी शुआनच बोलला. भिंतीला पाठ लावून, स्वतःशीच बोलावं तसा.

“व्यापाऱ्यांनी फसवलं आम्हाला. सोडणार नाही मी त्यांना. एकेकाला कोर्टात खेचीन.”

“तुला व्यापाऱ्यांनी फसवलं,” गुरुजी आतून म्हणाले. “बाओला कोणी फसवलं?”

…

शुआन परत गेला नाही. बाजेजवळ बसून राहिला. लानला वारा घालायचा, ओठ ओल्या कापडानं पुसायचा. बाओ पोरीला घेऊन गावातल्या एका बाळंतिणीकडे जायचा, ती तिला पाजायची. मग तो परत येऊन पायथ्याशी बसायचा. त्या गडबडीत शुआन कोण आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. गुरुजींचा कोणी शिष्य असेल, असं त्यांनी धरलं होतं.

एका दुपारी लान शुद्धीवर आली. बाओ नव्हता. गुरुजी दाराबाहेर मुळ्या निवडत बसले होते.

“तुम्हीपण वैद्य ना?” तिनं विचारलं.

“हो.”

“मग मला खरं सांगा. गुरुजी सांगत नाहीत. माझं काही चुकलं का?”

“तुझं काय चुकणार?”

“काढा फार कडू होता. पण मी एक वेळ चुकवली नाही. एक घोट टाकला नाही. ओकारी आली तरी पुन्हा प्यायले. पोरीसाठी.” तिला धाप लागली. “सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. मग असं कसं झालं?”

शुआनच्या हातातला पंखा थांबला.

“तुझं काही चुकलं नाही.”

“मग कोणाचं?”

ती रागानं विचारत नव्हती. एखाद्या अनोळखी गावात वाट विचारावी, तशी विचारत होती.

शुआन पुन्हा पंख्यानं वारा घालू लागला. ती पुन्हा ग्लानीत गेली.

दोन दिवसांनी, पहाट सरून ऊन अंगणात आलं तेव्हा लान गेली.

तिला डोंगराच्या उतारावर पुरलं. डॉक्टरही आला होता. खड्ड्यात माती लोटायला त्यानं फावडं हातात घेतलं, पण त्याला ते नीट धरता येईना. बाओनं ते त्याच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि शेवटपर्यंत स्वतःच माती लोटली.

परतल्यावर मात्र शुआनचा बांध फुटला.

“जाळून टाकतो सगळं!” तो अंगणात येरझारा घालू लागला. “सगळ्या दुकानांतला माल नदीत फेकतो. पाटी उतरवून कुऱ्हाडीनं फोडतो. खोटं आहे, सगळं खोटं आहे! ते वर्तमानपत्रवाले बरोबर बोलत होते. पाच पिढ्या! कसल्या पाच पिढ्या? वैद्यकीच सोडतो मी. मठात जाऊन राहतो.”

गुरुजी उंबऱ्यावर बसून ऐकत होते.

“माल नदीत टाक,” ते म्हणाले. “पाटी राहू दे.”

“कशाला?”

“लोकांना शिव्या द्यायला नाव लागतं.”

शुआन गर्रकन वळला. त्याचे डोळे लाल झाले होते.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

…

“कुंभाराची म्हातारी गेली तेव्हापासून ठाऊक होतं तुम्हाला! काडी चावून पाहिलीत, कडू लागली, आपल्या भांड्यातून वेल काढून टाकलीत. आणि गप्प बसलात! माझी दुकानं चालू होती. नदीकाठानं लोक पीत होते. एका दिवसाच्या वाटेवर, घाटावर, ही बाई पीत होती! मी मूर्ख होतो, गुरुजी. मला वेल ओळखता आली नाही. तुम्हाला तर आली होती! मग माझ्या दारात येऊन ओरडला का नाहीत? माझ्या थोबाडीत का नाही दिलीत?”

गुरुजींचा चेहरा कसा झाला ते सांगता यायचं नाही. राखेखालचा निखारा उघडा पडावा तसा.

“गुरूचं घर होतं,” ते म्हणाले. “त्या घराचं अन्न खाल्लं होतं मी. त्याच्या नावाला डाग लागेल म्हणून… आपल्या भांड्यापुरतं स्वच्छ ठेवलं आणि त्यालाच धर्म म्हटलं.”

“हीच का परंपरा?” शुआन ओरडला.

“हो,” गुरुजी म्हणाले. “हीसुद्धा.”

तेवढ्यात बाओ पोरीला घेऊन मागच्या दारानं आत आला. आतून पोरीचं कुरकुरणं ऐकू येत होतं, आणि तिला थोपटणारा बाओचा हात.

“त्याला सांग,” गुरुजी म्हणाले.

“कोणाला? बाओला? काय सांगू?”

“तिनं तुला काय विचारलं होतं?”

शुआन आत गेला. गुरुजी त्याच्या मागून गेले.

बाओ पोरीला खांद्यावर टाकून उभा होता. शुआन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्यानं सांगितलं, आपण कोण, ते दुकान कोणाचं, वेल कशी बदलली, पद कोणी बदललं. काढा वाढवा म्हणून कोणाच्या शिकवणीवरून सांगत होते. काही लपवलं नाही. सांगताना एकदाही व्यापाऱ्यांचं नाव घेतलं नाही.

बाओनं सगळं ऐकून घेतलं. त्याला ते लगेच कळलं नसावं. त्यानं गुरुजींकडे पाहिलं.

“खरंय, बाबा?”

“खरंय. आणि मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.”

बाओनं पोर खांद्यावरून उतरवली आणि गुरुजींच्या हातात दिली. मग शुआनच्या गळ्याला धरून त्याला उभा केला आणि तोंडावर एकच तडाखा दिला. वल्हं मारणारा हात होता. शुआन भिंतीवर आदळून खाली बसला. ओठ फाटला होता.

बाओ त्याच्याकडे पुन्हा वळलासुद्धा नाही. तो गुरुजींसमोर आला. त्यांच्यावर हात उचलेल असं क्षणभर वाटलं. त्यानं फक्त पोर परत घेतली.

“मी तिला पाठीवर घालून तुमच्याकडे आणली होती,” तो म्हणाला.

आणि निघून गेला. जाताना नेहमीसारखा वाकला नाही.

गुरुजी हात तसेच पुढे धरून कितीतरी वेळ उभे होते, जणू पोर अजून त्या हातांत होती.

मग ते कोपऱ्यात गेले. खुंटीवरचे गवती जोडे काढले. उंबऱ्यावर बसून दोऱ्या बांधू लागले.

शुआन बाहीनं रक्त पुसत उठला.

“कुठे निघालात?”

“घाटावर. तिथून पुढच्या गावी. मग त्याच्या पुढच्या. जिथे जिथे तुझी पाटी आहे तिथे. आज कोणाकोणाच्या चुलीवर तो काढा उकळतोय, कोणाचे पाय सुजायला लागलेत… दारोदार जाऊन सांगायचं. आत्ता बाओला सांगितलंस तसंच.”

शुआनचा चेहरा पांढरा पडला. नदीकाठ केवढा मोठा होता ते त्याला ठाऊक होतं. त्याला त्या काठाचा अभिमान होता.

“बाओनं एकच मारली, गुरुजी. सगळे असे नसतील. ज्यांच्या घरची माणसं गेलीत ते… ते मला ठार मारतील.”

“आपल्याला,” गुरुजी म्हणाले आणि शेवटची गाठ मारून उठले. “चल लवकर. जे अजून पितायत त्यांच्या अंगात तेवढी ताकद आहे तोवर पोचलं पाहिजे.”